कात्री कोणाच्या हाती?

(वटार येथे महिला गटांच्या व्हिडिओ शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कॅमेरा कसा धरायचा, मुलाखत घेताना कुठे बसायचे, आवाज स्वच्छ कसा येईल यावर बोलणे झाले. माझ्या वाट्याला संकलन हा विषय आला आहे. धंद्यात आम्ही त्याला एडिटिंगच म्हणतो. याच कामावर मी पोट भरते, आणि संघटनांच्या माहितीपटांचे संकलनही करते. कुठले बटण कशासाठी असते ते उद्या संगणकावर बसून पाहू. आज मला एक प्रश्न तुमच्यापुढे मांडायचा आहे. आपल्या आयुष्याच्या चित्रणातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे कोण ठरवते? ते आपण ठरवायचे असेल तर त्यासाठी काय लागते?

संकलन म्हणजे निवडणे. एका तासाच्या मुलाखतीची पाच मिनिटांची फिल्म होते, तेव्हा पंचावन्न मिनिटे कुणीतरी बाजूला काढलेली असतात. समजा, एक बाई सांगते, "नवरा मारतो. पण मी घर सोडलं नाही. घर त्याच्या नावावर आहे, पोरांना घेऊन जाऊ कुठं?" यातले शेवटचे वाक्य कापले की ती सोशिक, संसाराला चिकटून राहिलेली बाई वाटते. ते ठेवले की प्रश्न घराच्या मालकीचा होतो. बाई तीच, आवाज तिचाच, एकही शब्द खोटा नाही. तरी पडद्यावर दोन वेगळ्या बायका दिसतात. ज्याच्या हाती कात्री, त्याच्या हाती तिची गोष्ट.

ही ताकद किती मोठी असते याचे एक जुने उदाहरण सांगते. रशियात एस्फिर शुब नावाची संकलक होती. तिने १९२७ साली 'रोमानोव्ह घराण्याचा अस्त' हा माहितीपट केला. त्यासाठी नवे चित्रण जवळजवळ केलेच नाही. जुन्या बातमीपटांच्या आणि झारच्या पदरी असलेल्या छायाचित्रकारांनी घेतलेल्या फिल्म तिने शोधून काढल्या आणि त्या नव्याने जोडल्या. बोटीच्या डेकवर नाचून घामाघूम झालेली बडी मंडळी दाखवली आणि त्यांच्या शेजारी उन्हात खणणारे मजूर ठेवले. राजाच्या कौतुकासाठी घेतलेली फिल्म राजाविरुद्ध साक्ष देऊ लागली. कॅमेरा दुसऱ्याचा होता, पण कात्री बाईची होती.

आणि हे काम बायकांना नवीन नाही. मूकपटांच्या काळात अमेरिकेतल्या स्टुडिओंत फिल्म कापण्या-जोडण्याच्या टेबलांवर मोठ्या संख्येने मुली बसत. शिवणकामासारखे बारीक, चिकाटीचे काम, म्हणून ते बायकांचे, असा हिशेब होता. त्यातलीच मार्गारेट बूथ फिल्मचे तुकडे जोडता जोडता पुढे एमजीएमसारख्या बलाढ्य स्टुडिओची मुख्य संकलक झाली. पण जसजसा या कामाला मान आणि पैसा आला, तसतशी ती टेबले पुरुषांकडे गेली. स्वयंपाकघरात बाई आणि हॉटेलात आचारी, हे आपण दुसरीकडेही पाहिलेले आहे.

आपल्याकडे पाहा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लागला. दादासाहेब फाळके यांचे नाव शाळेतल्या मुलालाही माहीत असते. सरस्वतीबाई फाळके यांनी त्यासाठी दागिने दिले आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, एवढे सांगितले जाते. पण त्यांनी कोऱ्या फिल्मच्या कडेला छिद्रे पाडली, फिल्म धुण्याच्या कामात हात दिला, हे तांत्रिक काम होते. त्याला आपण 'नवऱ्याला मदत' म्हणतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या कामालाही मदतच म्हणतात आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसते.

शिकून या धंद्यात येण्याची वाट पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने उघडली. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत ही संस्था सुरू झाली. तिथून अरुणा राजे १९६९ साली संकलन शिकून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. चित्रपटधंद्यातल्या पहिल्या प्रशिक्षित स्त्री-तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रेणू सलुजा यांना तिथे दिग्दर्शनाला प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्या संकलनाकडे गेल्या. 'जाने भी दो यारो' त्यांनी संकलित केला. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००० साली त्या गेल्या, तेव्हा वय पन्नासही नव्हते. रीना मोहन यांनीही तिथेच संकलनाचे शिक्षण घेतले आणि पुढे कमलाबाई गोखले यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट केला. १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम करणाऱ्या या अभिनेत्रीला तिच्या म्हातारपणी तिच्याच शब्दांत बोलू देणारी ही फिल्म आहे.

पण आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट याहून वेगळी आहे. १९८० साली बंगळूरमध्ये 'युगांतर' हा स्त्रियांचा चित्रपट-गट सुरू झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर हे त्यात होते. त्यांनी १९८१ साली पुण्यातल्या मोलकरणींच्या संघटनेवर 'मोलकरीण' ही फिल्म केली. त्यानंतर निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांच्या लढ्यावर 'तंबाकू चाकीला ऊब आली' ही फिल्म झाली. या फिल्म त्या बायकांशी बोलून, त्यांच्यात राहून, त्यांच्याबरोबर प्रसंग ठरवून झाल्या. नंतर सभांमध्ये, वस्त्यांमध्ये त्या दाखवायच्या, दाखवून झाल्यावर चर्चा करायची, हा त्यामागचा विचार होता. चाळीसएक वर्षांनी बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने त्या फिल्म दुरुस्त करून त्यांच्या डिजिटल प्रती केल्या, म्हणून आज आपण त्या पुन्हा पाहू शकतो. कुणी जपून ठेवले नसते तर निपाणीच्या बायकांचा तो काळ पुसला गेला असता.

शिक्षण नसलेल्या बाईला हे जमेल का, असे सकाळी एकीने विचारले. १९८४ साली अहमदाबादला 'सेवा' संघटनेत मार्था स्टुअर्ट यांनी व्हिडिओचे शिबिर घेतले. त्यात भाजी विकणाऱ्या, हातावर पोट असलेल्या बायका होत्या आणि काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभे राहिले. तेलंगणातल्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका स्वतः चित्रण आणि संकलन करतात. बीटी कापसावर त्यांनी केलेली फिल्म देशाबाहेरही दाखवली गेली. वाचता येणे आणि पाहता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या वसईत पानवेलीची पाने निवडून, लावून, जुड्या बांधणाऱ्या बायकांची नजर किती पक्की असते हे तुम्हाला मी काय सांगायचे! कुठले पान वर, कुठले आत, कुठले टाकायचे, हे त्या हाताने ठरवतात. संकलकाची नजर याच जातीची असते.

आता साधनांचे बोलू. पूर्वी फिल्म खरोखर कात्रीने कापून चिकटवावी लागे आणि त्यासाठीचे यंत्र घरात काय, गावातही नसे. व्हिडिओ आल्यावर दोन मशीन लावून एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवत जायचे. मध्ये एक वाक्य घालायचे राहिले तर तिथून पुढचे सगळे पुन्हा. तासाच्या भाड्याने खोली घ्यायची आणि घड्याळाकडे बघत काम करायचे. छोट्या गटाला हे परवडत नसे, म्हणून चित्रण होई आणि टेपा कपाटात पडून राहत.

आज ती अडचण राहिलेली नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहेत आणि बेताच्या संगणकावरही चालतात. डाविंची रिझॉल्व्ह मोठ्या चित्रपटांसाठी वापरतात. त्याचीही एक आवृत्ती फुकट मिळते आणि कंपनीची शिकवणीची पुस्तकेही फुकट मिळतात, फक्त संगणक जरा दणकट लागतो. साधे काम तर फोनवरही होते. एक सावधगिरी ठेवा. फोनवरची काही फुकट ॲप आपले चित्रण कंपनीच्या संगणकावर पाठवून तिथे ठेवतात. पिकनिकच्या चित्रणाला ते चालेल. मार खाल्लेल्या बाईच्या मुलाखतीला ते चालणार नाही.

मग अडते कुठे? साधन फुकट झाले, धडे फुकट झाले, तरी बाई मध्येच सोडून देते असे मी वारंवार पाहते. पहिले कारण भाषा. धडे बहुतेक इंग्रजीत, काही हिंदीत. दुसरे कारण वेळ. घरातला संगणक मुलाच्या अभ्यासाचा, फोन नवऱ्याच्या हाताखालचा, आणि बाईचा वेळ रात्री अकरानंतरचा. तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते : विचारायला कुणी नाही. आवाज आणि चित्र जुळत नाही, फाइल उघडत नाही, इतक्या लहान गोष्टीवर आठवडा जातो. पुरुष संकलकांची चहाच्या टपरीवर, स्टुडिओच्या जिन्यात ओळख होते. तिथे शंकाही सुटतात आणि पुढचे कामही मिळते. या धंद्यात कामे जाहिरातीने मिळत नाहीत, ती तोंडी मिळतात. त्या जिन्यात बाई रात्री उशिरापर्यंत उभी राहू शकत नाही, कारण तिला विरार लोकल पकडायची असते.

धंद्यातल्या संघटना आहेत ना, असे कुणी म्हणेल. पण संघटना दार उघडते तसे लावूनही घेते. मुंबईच्या सिने मेकअप आणि हेअरड्रेसर मंडळींच्या संघटनेत पन्नासहून अधिक वर्षे बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्ड मिळत नव्हते. त्यांनी केस बांधायचे, रंगभूषा पुरुषांनी करायची. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. विचार करा, विसाव्या शतकातली नव्हे, २०१४ सालातली ही गोष्ट आहे. केरळात २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाल्यावर चित्रपटधंद्यातल्या बायकांनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' स्थापन केले. त्यात नट्यांबरोबर बीना पॉल यांच्यासारख्या संकलकही होत्या. त्यांच्या रेट्यामुळे न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. समितीने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला, तो लोकांपुढे यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. पण तो आला. एकटी बाई हे करू शकली नसती.

आपल्या भागात हा प्रश्न दूरचा नाही. नायगाव-वसईला मालिकांचे सेट लागतात. लग्नाच्या व्हिडिओचे काम तर गावोगाव चालते. मला भेटणाऱ्या मुलींपैकी बऱ्याचजणी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ कापून देतात. फोटोवाला हार्डडिस्क आणून देतो, ठरावीक रक्कम देतो आणि वर स्टुडिओचे नाव लावतो. 'करेक्शन' कितीही वेळा करून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पापड लाटणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बायकांचे प्रश्न आणि हे प्रश्न वेगळे आहेत का? घरखेप कामगार म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. काम घेताना चार गोष्टी कागदावर, निदान फोनच्या संदेशात लिहून घ्या : रक्कम किती, आगाऊ किती, करेक्शन किती वेळा, आणि नाव कुठे येणार.

बाहेरच्या एडिटिंग रूममध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे काम करत असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आपला जिल्हा पालघर, काम मुंबईत असेल तर तिथला जिल्हा. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. ही मुदत माहीत नसल्याने बायकांचे नुकसान होते.

आता संकलनाच्या टेबलावरच्या जबाबदारीकडे येते. कात्री हाती आली की आपणही सत्ताधारी होतो, हे विसरू नका. वसईतल्या म्हाताऱ्या बायका कादोडीत बोलतात, वाडवळीत बोलतात. मुंबईचा संकलक ते कापतो आणि वरून शुद्ध मराठीत निवेदन घालतो. प्रेक्षकाला कळत नाही, असे त्याचे म्हणणे असते. कळत नसेल तर खाली मराठी अक्षरे द्या, पण तिचा आवाज झाकू नका. बोलता बोलता ती थांबते, पदर सारखा करते, तेही सगळे 'रिकामे' म्हणून कापू नका. कधी कधी तिचे सांगणे त्या थांबण्यातच असते.

संमती एकदाच घ्यायची गोष्ट नाही. चित्रणाच्या वेळी बाई हो म्हणते. कापलेली फिल्म पाहिल्यावर तिला भीती वाटू शकते. म्हणून फिल्म बाहेर जाण्याआधी तिला दाखवा आणि 'हे काढ' म्हणाली तर काढा. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचे कलम २२८अ होते. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ आहे. इथे नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, दारावरची पाटी, शाळेचा गणवेश, मागे दिसणारा देऊळ-चर्चचा कळस, यांवरून गाव ओळखते. आपले गाव तर चपलेवरूनही माणूस ओळखते!

आणि कापलेले टाकून देऊ नका. मूळ चित्रण हा पुरावा असतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा प्रश्न होता. २०२० च्या त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा मोर्चाचे, पोलीस ठाण्याबाहेरचे, पाडापाडीचे चित्रण ज्या फोनवर केले तो फोन, ते कार्ड, तारीख, वेळ, चित्रण करणारीचे नाव, हे सगळे जपा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे.

मूळ चित्रणाचे मोल मुंबईत काही जणांनी ओळखले. २००८ साली मजलिस, पॉइंट ऑफ व्ह्यू आणि कॅम्प या मुंबईच्या संस्थांनी, बंगळूर आणि बर्लिनच्या मंडळींबरोबर 'पॅड डॉट एमए' नावाचे व्हिडिओ भांडार इंटरनेटवर उभे केले. तिथे पूर्ण झालेल्या फिल्मपेक्षा कच्चे चित्रण अधिक आहे आणि त्यावर कोणत्या क्षणी काय घडते याच्या टिपा लिहिलेल्या आहेत. एखाद्या माहितीपटात न बसलेली मुलाखत वीस वर्षांनी दुसरी कुणी वापरू शकते. शिकणाऱ्या मुलीला तर तिथे दुसऱ्या संकलकाने काय ठेवले आणि काय टाकले हे पाहता येते. यासारखा धडा नाही.

शेवटी, आपण इथे काय करू शकतो ते सांगते. वटार, नंदाखाल, निर्मळ, आगाशी या गावांतले गट मिळून एक संगणक आणि दोन हार्डडिस्क घेऊ शकतात. एक हार्डडिस्क एका गावी, दुसरी दुसऱ्या गावी. पाणी भरले, चोरी झाली तरी एक प्रत वाचेल. महिन्यातला एक रविवार संकलनाचा ठेवायचा. ज्यांना येते त्यांनी शिकवायचे, आणि मुले सांभाळण्याची पाळी लावायची, नाहीतर निम्म्याजणी येणारच नाहीत. 'टाइमलाइन' म्हणजे काय, 'कट' कुठे द्यायचा, हे आपल्या बोलीत सांगणारे छोटे धडे आपणच फोनवर चित्रित करायचे. प्रत्येक फिल्मच्या शेवटी चित्रण, संकलन आणि जिने आपली गोष्ट सांगितली ती, हिची हरकत नसेल तर, अशी सगळ्यांची नावे द्यायची. कामाचे दर एकमेकींना सांगायचे. दर लपवून ठेवल्याने फायदा फक्त देणाऱ्याचा होतो.

सुरुवात कशापासून करायची, तर इथल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांपासून करा. पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी मुंबईला नेणाऱ्या बायका अजून आपल्यात आहेत. पाण्यासाठी, जमिनीसाठी, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेल्या आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्या भाषेत नोंदवा, त्यांना दाखवून कापा, आणि न कापलेलेही जपून ठेवा. पुढच्या पिढीतली एखादी एस्फिर शुब ते पुन्हा जोडेल आणि आपल्याला आज न दिसलेले काहीतरी त्यात तिला दिसेल.

उद्या सकाळी साडेनऊला संगणकावर बसायचे आहे. येताना आपापल्या फोनमधले दोन मिनिटांचे चित्रण घेऊन या.